'शॅल' आणि 'विल' : एका नियमाची साडेतीनशे वर्षे

मराठी शाळांमध्ये इंग्रजीचा भविष्यकाळ पिढ्यान्‌पिढ्या एका तक्त्यातून शिकवला गेला. 'आय' आणि 'वुई' यांच्यापुढे 'शॅल', बाकी सर्वांपुढे 'विल'. निश्चय, वचन किंवा धमकी दाखवायची असेल तर अदलाबदल करायची, म्हणजे 'आय विल' आणि 'यू शॅल'. तक्ता आटोपशीर होता, पाठ करायला सोपा होता आणि 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नासाठी तर अगदी सोयीचा होता. त्यामुळे या दोन शब्दांतला हा फरक इंग्रजी भाषेच्या हाडामासातच आहे असा समज रुजला. इतिहास तपासला तर हा समज अर्धाच खरा ठरतो. 'शॅल' आणि 'विल' यांच्या अर्थांत फरक आहे आणि तो फार जुना आहे. पण तो फरक पुरुषानुसार वाटून देणारा तक्ता सतराव्या शतकात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मांडला गेला, अठराव्या शतकात त्याचा नियम झाला आणि पुढे तो मुख्यतः लंडनबाहेरच्या माणसांची परीक्षा घेण्यासाठी वापरला गेला. शब्दाचा अर्थ आणि शब्दावर लादलेला नियम या दोन गोष्टींची गल्लत झाली, म्हणून नियम ढासळत गेला तेव्हा भाषाच बिघडली अशी ओरड झाली. ती गल्लत सोडवणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आधी अर्थ पाहू. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नव्हतेच. वर्तमानकाळाचे रूपच भविष्यासाठी वापरले जाई आणि संदर्भावरून काळ कळे. त्या भाषेत दोन स्वतंत्र क्रियापदे होती. 'स्कुलन' म्हणजे देणे लागणे, बांधील असणे. 'विलन' म्हणजे इच्छा असणे. पहिल्यापासून 'शॅल' आले, दुसऱ्यापासून 'विल'. जर्मनमध्ये त्यांची भावंडे आजही नांदतात. 'झोलेन' कर्तव्य सांगते, 'वोलेन' इच्छा सांगते आणि ऋण किंवा दोष या अर्थाचा जर्मन शब्द 'शुल्ड' हाही 'शॅल'च्याच कुळातला. ज्याचे देणे आहे ते पुढे चुकते करावे लागणार आणि ज्याची इच्छा आहे ते पुढे घडण्याचा संभव, अशा रीतीने दोन्ही क्रियापदे हळूहळू भविष्याकडे सरकली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा लॅटिनमधल्या साध्या भविष्यकाळासाठी त्यांनी सर्रास 'शॅल' घेतला आणि 'विल' मुख्यतः इच्छेसाठी राखून ठेवला. बोलणारा मी आहे की तू की तो, याचा या निवडीशी काही संबंध नव्हता. १६११च्या राजा जेम्सच्या बायबलमधल्या दहा आज्ञा 'शॅल'च्याच रूपात आहेत आणि तिथे त्या शब्दातले बंधन उघड दिसते. म्हणजे मूळ फरक कर्तव्य आणि इच्छा यांच्यातला होता, प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष यांच्यातला नव्हता.

पुरुषांचा हिशेब इंग्रजांनी आपल्या मुलांसाठी मांडला नाही. त्याच्या पहिल्या खुणा सापडतात त्या १६२२मध्ये फ्रेंच भाषकांसाठी लिहिलेल्या जॉर्ज मेसनच्या व्याकरणात. स्पष्ट, बांधेसूद रूप मिळाले ते १६५३मध्ये, जॉन वॉलिसच्या इंग्रजी व्याकरणात, आणि ते पुस्तक लॅटिनमध्ये होते. वॉलिस हा ऑक्सफर्डमध्ये भूमितीचा प्राध्यापक. अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह त्यानेच १६५५मध्ये छापून रूढ केले. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात राजपक्षाची सांकेतिक पत्रे उलगडून देण्याचे कामही त्याने पार्लमेंटसाठी केले होते. अशा माणसाने भाषेतही सूत्र शोधावे हे स्वाभाविकच. त्याने सांगितले की प्रथमपुरुषात 'शॅल' नुसते भाकीत करतो आणि 'विल' वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय आणि तृतीय पुरुषांत 'शॅल' वचन देतो किंवा धमकावतो आणि 'विल' नुसते भाकीत करतो. इंग्रजी पुस्तके वाचू इच्छिणाऱ्या परदेशी विद्वानांसाठी हे पुस्तक होते. ज्याला भाषा कानावरून येत नाही त्याला सूत्र लागते आणि वॉलिसने ते दिले. आपल्या शाळेतला तक्ता तो हाच.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. वॉलिसने हे सूत्र हवेतून काढले नव्हते, आजूबाजूच्या वापरात पाहिलेलेच त्याने नोंदवले. आक्षेपात तथ्य आहे. शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' या नाटकात, म्हणजे वॉलिसच्या जवळजवळ अर्धशतक आधी, एक प्रसंग येतो. लोकांनी निवडलेला प्रतिनिधी रोमच्या सेनापतीबद्दल बोलताना तृतीयपुरुषात 'शॅल' वापरतो आणि तो एक शब्द ऐकून सेनापती भडकतो. मला हुकूम करणारा हा कोण, असा त्याचा संताप आहे. प्रेक्षकांना त्या 'शॅल'मधला हुकूम जाणवत नसता तर हा प्रसंग रंगभूमीवर उभाच राहिला नसता. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. दुसऱ्याविषयी 'शॅल' म्हटले की त्याच्यावर बंधन घातल्यासारखे होते, म्हणून तिथे सौम्य 'विल' बरा. स्वतःविषयी 'विल' म्हटले की आपली इच्छा पुढे केल्यासारखे होते, म्हणून तिथे 'शॅल'चा विनय बरा. वॉलिसचा जन्म केंटमधला, शिक्षण केंब्रिजचे, नोकरी ऑक्सफर्डची. दक्षिण इंग्लंडच्या शिकलेल्या वर्गात असा शिष्टाचार रुळत होता हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न पुढचा आहे. एका प्रदेशातल्या एका वर्गाची, तीही पूर्ण न स्थिरावलेली सवय सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्यांचा कायदा कशी झाली? निरीक्षण बरोबर असले म्हणून त्याचा कायदा करणे आपोआप बरोबर ठरत नाही, आणि इथे तर ज्यांच्या बोलण्यात ही सवय नव्हती त्यांच्यावरच कायद्याचा बडगा सर्वांत जास्त पडला.

अठराव्या शतकात हे कसे घडले ते स्कॉटलंडच्या उदाहरणावरून दिसते. १७०७मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे पार्लमेंट एक झाले. सत्ता, नोकऱ्या आणि वाचकवर्ग लंडनमध्ये होता आणि एडिंबरोच्या शिकल्यासवरल्या माणसांना आपल्या इंग्रजीतल्या स्कॉटिश छटांची लाज वाटू लागली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम हा त्या शतकातल्या श्रेष्ठ गद्यकारांपैकी एक. त्याने १७५२च्या सुमारास टाळण्याजोग्या स्कॉटिश प्रयोगांची एक यादी छापली आणि तीत 'शॅल' आणि 'विल' यांच्या पुरुषानुसार वापराची सविस्तर फोड केली. त्याच्यासारख्या माणसालाही ही फोड लिहून समोर ठेवावी लागली, यातच सारे आले. १७५५मध्ये सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशात 'शॅल'खाली नोंदवले की परदेशी आणि प्रांतिक लोक या शब्दाचा 'विल'शी घोळ घालतात आणि त्याचे स्पष्टीकरण देणे सोपे नाही. 'परदेशी आणि प्रांतिक' ही जोडी महत्त्वाची आहे. वॉलिसचे सूत्र परदेशी माणसाच्या सोयीसाठी होते, आता ते देशातल्याच माणसांना मोजू लागले. १७६२मध्ये रॉबर्ट लाउथने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, आपल्या छोटेखानी व्याकरणात हा नियम घेतला. १७९५मध्ये लिंडली मरेचे व्याकरण आले. मरे मूळचा अमेरिकन वकील, नंतर यॉर्कजवळ स्थायिक झालेला. त्याचे पुस्तक अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना शाळाशाळांत पोहोचले आणि नियम घरोघर गेला.

याच काळापासून वर्गावर्गांत एक गोष्ट फिरू लागली. एक माणूस नदीत पडतो आणि ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी.' काठावरचे इंग्रज त्याचा अर्थ नियमाप्रमाणे लावतात, म्हणजे याला बुडायचेच आहे आणि कुणी वाचवू नये अशी याची ताकीद आहे, आणि त्याला बुडू देतात. या गोष्टीतला बुडणारा माणूस कधी फ्रेंच असतो, कधी स्कॉट, कधी आयरिश. तो लंडनचा कधीच नसतो. नियमाचे समर्थक ही गोष्ट अर्थाच्या काटेकोरपणाचा दाखला म्हणून देत. नीट पाहिले तर ती उलटेच सिद्ध करते. मदतीसाठी हात वर करून ओरडणाऱ्या माणसाचे म्हणणे काठावरच्या कुणालाही कळते, मग त्याने कुठलेही साहाय्यक क्रियापद वापरो. अर्थ पोहोचलेला असतानाही माणसाला परका ठरवण्याची सोय नियमाने करून दिली होती आणि गोष्टीचा सगळा भर त्या सोयीवरच आहे.

एकोणिसाव्या शतकात या दोन शब्दांवर स्वतंत्र पुस्तके निघू लागली. कॅनडाचा गव्हर्नर जनरल असताना सर एडमंड हेड याने १८५६मध्ये 'शॅल अँड विल' याच नावाचे पुस्तक छापले. १९०६मध्ये फाउलर बंधू या इंग्रज भाषाभ्यासकांनी 'द किंग्ज इंग्लिश' लिहिले, त्यात या विषयाला वीसहून अधिक पाने दिली आणि सुरुवातीलाच कबुली दिली. त्यांच्या मते हा वापर दक्षिण इंग्लंडच्या माणसाला जन्मतःच येतो, म्हणून त्याला हे प्रकरण अनावश्यक आहे. आणि जो तिथला नाही त्याला तो इतका किचकट की शिकूनही येणे कठीण. नियमाच्या सर्वांत निष्ठावंत भाष्यकारांचे हे म्हणणे आहे. जो नियम ज्याला येतो त्याला नको आणि ज्याला हवा त्याला येत नाही, तो भाषा शिकवण्याचे साधन म्हणून कितपत कामाचा? त्याचा प्रत्यक्ष उपयोग उरतो तो माणूस कुठला हे ओळखण्यापुरता. पुढे १९२५मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या चार्ल्स फ्राइझने वेगळाच मार्ग धरला. व्याकरणकार काय म्हणतात ते बाजूला ठेवून त्याने सोळाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या नाटकांतले संवाद घेतले आणि दोन्ही शब्द प्रत्यक्ष मोजले. प्रथमपुरुषातही 'विल'चेच पारडे जड निघाले. नियम ज्या शतकांत घोकला जात होता त्याच शतकांत रंगमंचावरची पात्रे तो पाळत नव्हती. शिवाय बोलताना दोन्ही शब्दांचे 'आय'ल', 'वुई'ल' असे संक्षेप होतात. तिथे 'शॅल' आणि 'विल' यांतला भेद कानाला कळतच नाही आणि सामान्य माणूस भविष्याविषयी बोलतो तो मुख्यतः अशाच रूपांत.

भारतात हा नियम आला तो शालेय व्याकरणांच्या वाटेने. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव रेन आणि मार्टिन. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा १९०३पासून काही वर्षे भारतात शिक्षण खात्याच्या नोकरीत होता आणि कराचीत मुख्याध्यापकही होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. पुढे फ्रेंच परदेशी पलटणीवरच्या 'बो जेस्ट' या १९२४च्या कादंबरीने त्याला जगभर नाव मिळवून दिले. भारतीय विद्यार्थ्याला मात्र तो ठाऊक आहे तो १९३०च्या दशकात एच. मार्टिनच्या जोडीने निघालेल्या व्याकरणामुळे. मराठी मुलांच्या बाबतीत या नियमाला एक अनपेक्षित आधार मिळाला. मराठीत भविष्यकाळाचे रूप पुरुषाप्रमाणे बदलते. 'मी जाईन', 'आम्ही जाऊ', 'तू जाशील', 'तो जाईल'. त्यामुळे 'आय शॅल गो' आणि 'ही विल गो' ही जोडी 'जाईन' आणि 'जाईल' यांच्यासारखीच प्रत्ययांची गोष्ट वाटली आणि मनाला पटली. वस्तुतः दोन्हींत मोठा फरक आहे. 'तो जाईन' हे मराठीच्या घडणीतच बसत नाही. प्रमाण मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही ते चुकीचे वाटते आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसते. 'आय विल गो' हे इंग्रजीच्या घडणीत पूर्णपणे बसते. ते चूक आहे हे इंग्रजी मुलालाही शाळेत जाऊन शिकावे लागले. भाषेचा नियम आणि शाळेचा नियम यांतले अंतर याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. रेन आणि मार्टिनच्या सुधारित आवृत्त्यांनीही पुढे मान्य केले की प्रथमपुरुषातला 'शॅल' आता 'विल'पेक्षा कमी आढळतो.

आता दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप. नियम सोडला तर भाषेची धार बोथट होईल आणि जिथे एकेका शब्दावर माणसाचे हक्क ठरतात तिथे, म्हणजे कायद्यात, गोंधळ माजेल. भारताची राज्यघटना 'शॅल'ने भरलेली आहे. पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असल्याचे 'शॅल'च्या रूपात सांगितले आहे आणि मराठी अनुवादात तिथे 'असेल' येते. कायद्याची मराठी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण अशा ठिकाणी 'असेल', 'करील', 'देईल' ही रूपे पुढे काय घडेल याचा अंदाज सांगत नाहीत. ती बंधन घालतात. इथे 'शॅल'चा हजार वर्षांपूर्वीचा मूळ अर्थ, देणे लागण्याचा, जिवंत आहे. पण शब्दाने एकट्याने हे ओझे पेलले आहे का? घटनेच्या ३२०व्या अनुच्छेदात काही बाबतींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याची तरतूद आहे आणि ती 'शॅल'नेच केलेली आहे. तरीही १९५७मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सल्ला घेतला नाही एवढ्यावरून सरकारची कारवाई रद्दबातल होत नाही. 'शॅल' शब्द आला म्हणून तरतूद अनिवार्यच ठरते असे नाही, कायदा करणाऱ्यांचा हेतू आणि संदर्भ पाहावा लागतो, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. अमेरिकेत तर हा शब्द इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी वापरला गेला की २००७मध्ये संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिताना तो काढून टाकण्यात आला आणि बंधनासाठी 'मस्ट' घेतला गेला. इंटरनेटची तांत्रिक मानके लिहिणाऱ्यांनी १९९७मध्ये असे शब्द कोणत्या अर्थाने वाचायचे हे एका छोट्या दस्तऐवजात लिहूनच टाकले आणि 'शॅल' व 'मस्ट' समान मानले. काटेकोरपणा आला तो व्याख्या लिहिल्यामुळे, न्यायालयाने हेतू तपासल्यामुळे किंवा संदिग्ध शब्द टाळल्यामुळे. यांपैकी कशालाही शाळेतल्या तक्त्याची गरज पडली नाही.

साहित्य आणि सार्वजनिक भाषणे पाहिली तर तक्ता आणखी अपुरा ठरतो. ४ जून १९४० रोजी विन्स्टन चर्चिलने पार्लमेंटमध्ये केलेल्या भाषणात प्रथमपुरुषी 'शॅल' पुन्हा पुन्हा येतो. नियमाप्रमाणे ते नुसते भाकीत ठरते, निश्चयासाठी 'विल' हवा होता. ते भाषण ऐकून कुणाला निश्चय जाणवला नाही असे म्हणता येईल काय? मार्च १९४२मध्ये फिलिपाइन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरने परत येण्याचे वचन दिले, तेही 'शॅल'मध्येच, आणि फिलिपिनो जनतेने ते वचन म्हणूनच जपले. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीचे 'वुई शॅल ओव्हरकम' हे गीत आपल्याकडे 'हम होंगे कामयाब' म्हणून ओळखीचे आहे. चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी १९४०च्या दशकात ते गायले तेव्हा त्यात 'विल' होता. 'शॅल' नंतर आला. हा बदल केल्याचे श्रेय लोकगायक पीट सीगरला दिले जाते, तो स्वतः त्यासाठी चळवळीतल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचेही नाव घेई, आणि गाताना तोंड अधिक मोकळे उघडते असे त्याचे कारण सांगितले जाई. या तिन्ही ठिकाणी 'शॅल'ला जे वजन आले आहे ते शब्दाच्या जुनेपणातून, बायबलच्या आज्ञांच्या सुरातून आणि उच्चारातून आले आहे. घडणारच आहे, जणू तसे बांधलेलेच आहे, ही छटा 'शॅल'ची स्वतःची. तक्त्याने ती प्रथमपुरुषातून पुसून टाकली होती. वक्त्यांनी आणि गाणाऱ्यांनी ती जपली.

मग शिकवायचे काय, हा शिक्षकांचा प्रश्न उरतो आणि तो टाळता येणार नाही. नियम नसतील तर परकी भाषा शिकवायची कशी, ही त्यांची अडचण खरी आहे. वॉलिसचीही तीच होती. उत्तर असे की सूत्र जरूर द्यावे, फक्त ते आजच्या वापराचे असावे. साध्या भविष्यासाठी सर्व पुरुषांत 'विल' वापरावा. सूचना करताना किंवा परवानगी विचारताना 'शॅल आय' आणि 'शॅल वुई' वापरावे, कारण तिथे 'शॅल' आजही खणखणीत जिवंत आहे आणि 'विल' टाकला तर अर्थ खरोखर बदलतो. कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे बंधन हे सांगावे आणि ते बंधन किती कडक हे संदर्भावर ठरते हेही सांगावे. जुने साहित्य वाचताना कर्तव्य आणि इच्छा हे दोन मूळ अर्थ हाताशी असावेत. एवढ्याने विद्यार्थ्याला त्या तक्त्यापेक्षा जास्त कळेल आणि भिण्याचे कारण उरणार नाही.

इंग्रजीतल्या जवळच्या अर्थांच्या शब्दांबद्दल असे कितीतरी नियम आपण परीक्षेपुरते शिकलो आणि खरे मानून बसलो. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारायला हवेत. हा फरक पहिल्यांदा कुणी मांडला, कुणासाठी मांडला आणि लोक प्रत्यक्षात काय लिहितात-बोलतात हे कुणी मोजून पाहिले आहे का? 'शॅल' आणि 'विल' यांच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे मिळतात आणि ती तक्त्याच्या बाजूने जात नाहीत. ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे त्यांनी हा नियम कधीच पुरता पाळला नाही. मग तो मोडला म्हणून मराठी मुलाचा गुण कापणे हा भाषेचा आग्रह नव्हे. ती जुन्या काळच्या एका सामाजिक भिंतीची राखण आहे, आणि ते काम आपल्या शाळांनी आता सोडून द्यावे.